जखमी पक्षी घरी आणल्यावर: डॉक्टरकडे पोचेपर्यंतचे तास

जखमी पक्षी घरात आला की दोन वस्तू लगेच पुढे येतात: पाण्याची वाटी आणि हळदीचा डबा. दोन्ही बाजूला ठेवा आणि एक पुठ्ठ्याचा खोका शोधा. पहिल्या तासात पक्ष्याला जे हवं असतं ते खोक्यातच मिळतं: काळोख, ऊब आणि शांतता. औषध, अन्न, पाणी, मलमपट्टी यांची पाळी नंतर येते, आणि त्यातलं बरंचसं आपण करायचंच नसतं.

रानपक्ष्याच्या लेखी माणूस म्हणजे शिकारी. आपण मायेने थोपटतो, पण त्याला कळतं ते इतकंच की आपण पकडले गेलो आहोत आणि आता मरणार. हातात शांत बसलेला पक्षी विश्वास टाकून बसलेला नसतो, भीतीने गोठलेला असतो. जखम किरकोळ असूनही निव्वळ धक्क्याने पक्षी दगावतात. म्हणून मुलांना दाखवणं, फोटो काढणं, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून ‘कसा आहे’ बघणं हे सगळं टाळा. ही उपचारांइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

उचलण्याआधी

आधी चार-पाच मीटरवरून दोन मिनिटं नीट बघा. एक पंख लोंबतोय का, दोन्ही पायांवर भार आहे का, डोळे उघडे आहेत का, रक्त दिसतंय का, चोच उघडी ठेवून धापा टाकतोय का. एकदा पक्षी हातात घेतला की यातलं निम्मं कळत नाही, कारण घाबरलेला पक्षी दुखणं लपवतो.

जमिनीवर बसलेला प्रत्येक पक्षी जखमी नसतो. दिवसा उघड्यावर बसलेलं आणि कावळ्यांनी घेरलेलं घुबड बहुतेकदा फक्त अडचणीत असतं. पाकोळीचे पाय इतके आखूड असतात आणि पंख इतके लांब, की सपाट जमिनीवर पडली तर तिला उडणं अवघड जातं. पंख सारखे असतील, रक्त नसेल, तर तिला पसरलेल्या तळहातावर घेऊन मोकळ्या जागी, खाली गवत असेल तिथे, हात उंच धरा. ती थरथरेल आणि एका क्षणी निघून जाईल. हवेत मात्र फेकू नका. आत कुठे हाड मोडलेलं असेल तर ती दगडासारखी खाली येईल. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेच पायांनी चालायला लागतात आणि धोका वाटला की जमिनीला चिकटून निपचित पडतात. डोक्यावर आईबाप ओरडत असतील तर तिथून आपणच निघून जायचं.

पकडायचं ठरलं तर पंचा किंवा सुती ओढणी घ्या. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फाशात नखं अडकतात आणि सोडवताना बोट मुरगळतं. मागून जाऊन कापड डोक्यासकट अंगावर टाका. डोळे झाकले की पक्षी लगेच मवाळ होतो. मग कापडासकट दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील असं उचला.

छातीवर दाब नको. आपल्या पोटात श्वासाचा पडदा असतो तसा पक्ष्यांना नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. ते हाड मुठीत घट्ट धरलं तर नाकाची वाट मोकळी असूनही पक्षी गुदमरतो. चिमणी-बुलबुलाएवढा पक्षी असेल तर पाठ तळहाताकडे, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, बाकीची बोटं पिंजऱ्यासारखी सैल, अशी पकड असू द्या. कबुतर, होला, तांबट दोन्ही हातांच्या ओंजळीत मावतात.

मोठ्या पक्ष्यांत धोका कुठल्या अवयवाचा ते ओळखा. घार, शिक्रा, घुबड यांचं शस्त्र पंजे. चोच त्यामानाने दुय्यम. आधी जाड कापडातून दोन्ही पाय एका हातात धरा, मग बाकीचं. वंचक आणि बगळे चोचीचा भाला थेट डोळ्यावर मारतात. चष्मा किंवा हेल्मेट घाला, डोकं जबड्यामागून धरा आणि चेहऱ्यापासून हातभर लांब ठेवा. चोच दोऱ्याने बांधायचा मोह होतो, पण पाणकावळ्याला बाहेर उघडणाऱ्या नाकपुड्याच नसतात. तो तोंडाने श्वास घेतो. चोच बांधली की संपलं. पोपटाची चोच बोटाला खोल चावा घेऊ शकते, तेव्हा तिथे चामड्याचा हातमोजा हवा.

खोका कसा लावायचा

चिमणी, दयाळ, बुलबुल, शिंजीर यांना बुटांचा खोका पुरतो. कबुतर, भारद्वाज, पिंगळा यांना किराणा दुकानातला बिस्किटांचा खोका. घारीसाठी साधारण साठ बाय चाळीस सेंटिमीटरचा. पक्षी नीट उभा राहील आणि वळेल इतकीच जागा असावी. त्याहून मोठ्या खोक्यात तो पंख झोडत राहतो आणि मोडलेलं हाड आणखी सरकतं. तारेचा पिंजरा कधीच नको. बाहेरचं सगळं दिसतं म्हणून पक्षी तारांवर धडका घेतो, चोचीचं मूळ सोलवटतं आणि पिसं तुटतात. तुटलेलं उडण्याचं पीस पुढची पिसं गळून नवी येईपर्यंत तसंच राहतं, म्हणजे जखम आठवड्यात भरली तरी पक्षी काही महिने अडकून पडतो. पोपट पुठ्ठा कुरतडून बाहेर येतो. त्याला मांजर न्यायची प्लास्टिकची पेटी घ्या आणि वरून चादर टाका.

भोकं पक्षी आत ठेवण्याआधी पाडा. पेन्सिलीएवढी, बाजूंना खालच्या अंगाला, आठ-दहा, आणि आतून बाहेर, म्हणजे कडांचे काटे आत येत नाहीत. तळाला जुन्या सुती साडीचा तुकडा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरतात आणि दोन्ही पाय दोन दिशांना फाकतात. पक्षी सरळ बसू शकत नसेल तर कापडाची चुंबळ करून त्यात बसवा. छातीला आधार मिळतो, मान वर राहते आणि श्वास मोकळा होतो. कुशीवर पडून राहिलेला पक्षी एका बाजूच्या श्वासावर जगत असतो.

झाकण चिकटपट्टीने बंद करा. ‘आता हा कुठे उडतोय’ असं वाटणारा पक्षी अर्ध्या तासात धक्क्यातून बाहेर येतो आणि मग तो पंख्यात किंवा कपाटामागे सापडतो. खोका ठेवायची खोली दूरदर्शन, कुत्रा-मांजर, मिक्सर आणि स्वयंपाकघरातल्या धुरापासून लांब हवी. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफा पक्ष्यांच्या फुप्फुसांना घातक असतात.

ऊब द्यायची ती अर्ध्या खोक्याला. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपल्या हाताला गरम लागणारा पक्षी ‘तापलेला’ नसतो, आणि आपल्याला गार लागणारा पक्षी खरोखर मरणाच्या दारात असतो. शेकायच्या रबरी पिशवीत कोमट पाणी भरा, मनगटाच्या आतल्या बाजूला सहज सोसवेल इतकंच, आणि नॅपकिनमध्ये गुंडाळून खोक्याच्या निम्म्या तळाखाली सरकवा. जास्त झालं तर पक्षी गार बाजूला सरकू शकतो. आतलं तापमान २८ ते ३२ अंश पुरे. पिशवी नसेल तर जाड मोज्यात तांदूळ भरून गरम करा. दर तास-सव्वा तासाने हात लावून बघा, कारण थंड पडलेली पिशवी उलट पक्ष्याचीच ऊब शोषते. बल्ब लावू नका, उजेडाने विश्रांती मोडते.

दोन प्रकारच्या पक्ष्यांना शेक नको: उन्हाचा झटका बसलेल्यांना आणि डोक्याला मार लागलेल्यांना. डोक्याच्या माराला उबेने मेंदूवरची सूज वाढू शकते. त्यांना गारसर, अंधारी खोलीच बरी.

तोंडात काही घालू नका

सर्वांत जास्त पक्षी इथे जातात, म्हणून जरा सविस्तर. पक्ष्याची चोच उघडली तर खालच्या बाजूला जीभ दिसते, आणि जिभेच्या अगदी मुळाशी, मध्यावर, एक बारीक उभी फट. नीट पाहिलं तर ती श्वासागणिक उघडते आणि मिटते. ती श्वासनलिकेची वाट. आपल्या घशात घास गिळताना श्वासनलिका झाकणारी झडप असते. पक्ष्यांना ती नसते. ड्रॉपरने किंवा कापसाच्या बोळ्याने चोचीत टाकलेला थेंब जिभेवरून घरंगळत थेट त्या फटीत उतरतो. पक्षी दोनदा चोच हलवतो, आपल्याला वाटतं ‘प्यायला’. प्रत्यक्षात ते पाणी फुप्फुसात गेलेलं असतं. मग दुसऱ्या दिवशी शेपटी वर-खाली हलत श्वास सुरू होतो आणि पक्षी न्यूमोनियाने जातो. घरच्यांना वाटतं, मूळ जखमच भारी होती.

अन्नाचंही तसंच. धक्क्यात असलेल्या, गार पडलेल्या पक्ष्याचं पचन थांबलेलं असतं. घातलेलं अन्न पोटात किंवा गळ्याच्या पिशवीत आंबतं. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, हा क्रम मोडायचा नाही. चार-पाच तासांत मदत मिळणार असेल तर पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याला काहीही देऊ नका. त्याहून उशीर होणार असेल आणि पक्षी सावध, मान सरळ धरून उभा असेल, तर बाटलीच्या झाकणात पाणी आणि त्यात एक गोटी किंवा खडा ठेवा. प्यायचं तर तो स्वतः पिईल. प्रवासाला निघताना पाणी काढून घ्या, नाहीतर सांडून पक्षी भिजतो आणि गारठतो.

दूध, पाव, भात, बिस्कीट हे आपल्याकडचे ठरलेले घास. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि शरीरातलं उरलंसुरलं पाणी जातं. माणसांच्या गोळ्यांपैकी एकही नको. वेदनाशामकांचं तर नावच काढू नका. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मात्रा ठरवणं हे वजन आणि जात ओळखणाऱ्या डॉक्टरचंच काम.

जखम कोणती, त्यावर काय करायचं

रक्त वाहत असेल तर तेवढं मात्र थांबवायचंच. पक्ष्याचं रक्त त्याच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा असतं. पंचवीस ग्रॅमच्या चिमणीत अडीच मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. त्यातले पंधरा थेंब गेले तरी तिचा जीव धोक्यात येतो. स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती कापड जखमेवर धरून सलग तीन ते पाच मिनिटं हलका दाब द्या. मधे उचलून बघू नका, गोठलेलं रक्त निघून येतं. नख तुटून रक्त येत असेल तर टोकावर कॉर्नफ्लोअर दाबा. उघड्या जखमेत मात्र ते भरू नका.

हळद, तूप, खोबरेल, कुठलंही मलम, काहीच लावू नका. तेलकट पदार्थ पिसांत पसरला की पिसांची एकमेकांत गुंतलेली जाळी सुटते, अंग उघडं पडतं आणि पक्षी भिजायला, गारठायला लागतो. हळदीचा थर जखम झाकून टाकतो; डॉक्टरला ती परत खरवडावी लागते. माती लागलीच असेल तर पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्ध्या चमच्याला किंचित कमी मीठ विरघळवा आणि कापड भिजवून टिपा. हाड बाहेर आलेलं असेल तिथे पाण्याची धार सोडू नका. अनेक पक्ष्यांच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि शरीरातल्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. तिथून ओतलेलं पाणी श्वसनमार्गात पोचतं. ओलसर गॉज ठेवा आणि निघा.

उन्हाळ्या-पावसाळ्यात जखमेवर माश्या अंडी घालतात. किसलेल्या खोबऱ्यासारखा पांढरा झुबका दिसला तर तो चिमट्याने उचला. अळ्या मारायला गुरांच्या जखमेवर टर्पेंटाइन ओततात तसं इथे करू नका, ते कातडीतून भिनतं.

लोंबणारा पंख दिसला की काडीने बांधावासा वाटतो. आईस्क्रीमची काडी, काडेपेटीची काडी, झाडूचा हीर, यातलं काहीच नको. चुकीच्या जागी बांधलेली काडी हाडाचं टोक कातडीतून बाहेर काढते. बेताचा खोका हीच पहिली पट्टी. प्रवास दोन-तीन तासांहून लांबचा असेल आणि पंख फरफटत असेल, तर दोन्ही पंख नैसर्गिक घडीत मिटून, टोकं शेपटीवर एकमेकांवर ठेवून, कागदी वैद्यकीय चिकटपट्टीचा एक सैल वेढा द्या. छातीभोवती पट्टी नको. पक्ष्यांची हाडं दोन-तीन आठवड्यांत जुळतात, चुकीच्या जागी असली तरीही. ‘जरा बरं वाटू दे, मग नेऊ’ म्हणत घालवलेला एकेक दिवस त्या पंखाचं उड्डाण कमी करतो.

मांजराने धरलेला पक्षी ही सर्वांत फसवी जखम. पिसं जरा विस्कटलेली, रक्ताचा ठिपका नाही, पक्षी डोळे उघडून बसलेला. मांजराचे दात सुईसारखे असतात. भोक लगेच मिटतं आणि तिच्या लाळेतले पाश्चुरेला जातीचे जिवाणू आत राहतात. एक-दोन दिवसांत रक्तात विष पसरून पक्षी जातो. प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. फोनवर डॉक्टरला पहिलं वाक्य ‘मांजराने पकडला होता’ हेच सांगा.

मांजा. संक्रांतीच्या आसपास आणि त्यानंतर कित्येक आठवडे झाडांत उरलेल्या दोऱ्यात पक्षी अडकतात. घारी, कावळे, वटवाघळंसुद्धा. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो बाजारात आणि झाडांत आहेच. अडकलेल्या पक्ष्याला दोरा ओढून खाली आणू नका. प्रत्येक ओढीने तो खांद्यापुढच्या कातडीच्या पडद्यात खोल शिरतो. हा पडदा गेला तर हाड शाबूत असूनही पंख पसरत नाही. पक्षी आधी कापडात धरून भार आपल्या हातावर घ्या, मग दोन्ही बाजूंचा दोरा कात्रीने कापा. अंगात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. उंचावर असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. विजेच्या तारेजवळ बांबू, ओली काठी, शिडी यांतलं काहीही नेऊ नका, वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद झाल्याशिवाय तर नाहीच.

काचेवर आपटलेला पक्षी. मे अखेरीस आणि जूनमध्ये पावसाच्या तोंडावर नवरंग येतात, रात्री उडतात आणि सकाळी इमारतींच्या पायथ्याशी बधिर बसलेले सापडतात. तांबट, खंड्या, पाचू होलाही असेच. शेक न देता अंधाऱ्या खोक्यात एक तास ठेवा. मग खोका घराबाहेर, झाडांजवळ नेऊन झाकण उघडा आणि मागे सरका. घरात उघडलात तर दुसरी काच त्याची वाटच बघत असते. उडाला नाही तर आणखी एक तास. तरीही बसूनच असेल, किंवा मान एका बाजूला कलती, एक बाहुली मोठी, नाकपुडीत रक्त असं काही दिसलं तर थेट डॉक्टर.

उन्हाचा झटका: चैत्र-वैशाखात, विदर्भात विशेषतः, घारी आणि पारवे वरून पडतात. सावली, वारा, पायांना आणि पंखांखाली साध्या पाण्याचा ओला हात. बर्फाचं पाणी नको, अंघोळ नको. धाप थांबल्यावर पसरट ताटलीत पाणी समोर ठेवा.

उंदराच्या चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला पक्षी ओढला तर पिसांसकट कातडी येते. मोकळ्या चिकट भागावर टिश्यू पेपर दाबा म्हणजे दुसरा पंख चिकटणार नाही, आणि पुठ्ठ्यासकट न्या. मान पिळल्यासारखी उलटी झालेला, गोल फिरणारा पारवा मात्र बहुधा जखमी नसतो. कबुतरांच्या एका विषाणूने तसं होतं. त्याला इतर कबुतरांपासून आणि कोंबड्यांपासून वेगळा ठेवा.

पिल्लू सापडलं तर

मार्च ते ऑगस्ट घरी आणल्या गेलेल्या कित्येक पिल्लांना आणायची गरजच नसते. अंगावर पिसं, आखूड शेपूट, दोन पायांवर उड्या मारतंय, म्हणजे ते घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू आहे. बुलबुल, दयाळ, साळुंकीची पिल्लं नीट उडता येण्याआधी काही दिवस जमिनीजवळ काढतात आणि आईबाप खाली येऊन भरवतात. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपाच्या दाट फांदीवर ठेवा, इतकंच. माणसाचा वास लागला की आई टाकून देते ही समजूत खोटी आहे. कावळे एखाद्या ठिपक्याठिपक्यांच्या किंवा काळ्या, लालसर तोंडाच्या वेगळ्याच पिल्लाला भरवत असतील, तर ते कोकिळेचं. तेही तिथेच राहू द्या.

अंगावर पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू घरट्यात परत जायला हवं. घरटं मोडलं असेल तर करवंटीला तळाशी तीन-चार भोकं पाडा, किंवा बांबूची लहान परडी घ्या, आत वाळलेलं गवत घाला (ओलं गवत गारठवतं आणि बुरसतं) आणि मूळ जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं, सावलीत, दोन-अडीच मीटर उंचीवर सुतळीने बांधा. पिल्लू आधी हातात ऊब देऊन कोमट करा, कारण गार पिल्लू तोंड उघडत नाही आणि तोंड न उघडणाऱ्या पिल्लाला आई भरवत नाही. मग वीस मीटर लांब जाऊन दोन तास थांबा. गॅलरीच्या कठड्याला टेकून उभं राहणं म्हणजे लांब जाणं नव्हे; आईला आपण दिसलो तर ती येणार नाही. संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर उबेत ठेवून पहाटे हे करा. रात्री बहुतेक पक्षी भरवत नाहीत, त्यामुळे रात्री अन्नाची काळजी नको.

आईबाप आलेच नाहीत आणि उपचार केंद्रापर्यंत पोचायला अर्धा दिवस जाणार असेल, तर तात्पुरता घास. आधी ऊब, ३३ ते ३५ अंश. किडे खाणाऱ्या आणि मिश्र खाणाऱ्या पिल्लांना, म्हणजे बुलबुल, साळुंकी, दयाळ, कावळा यांना, मांजराचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून स्पंजासारखं मऊ झालेलं, किंवा उकडलेलं अंडं कुस्करून. तुकडा तुरीच्या डाळीएवढा, बोथट चिमट्याने, आणि पिल्लू स्वतः तोंड आ करून मागत असेल तेव्हाच. उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी. पाणी वेगळं द्यायचं नाही, भिजलेल्या घासातून ते मिळतं. एवढा वेळ ज्याच्याकडे नाही त्याने पिल्लू ठेवून घेऊ नये.

पारवा आणि होल्याची पिल्लं (पिवळट विरळ लव, बेढब लांब चोच) आ करत नाहीत. ती आईबापाच्या तोंडात चोच खुपसून त्यांच्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दूध पितात. पहिले काही दिवस दाणे त्यांना पचत नाहीत, आणि चिमट्याने भरवायला गेलं तर गळ्यात इजा होते. ही पिल्लं उबेत ठेवून सरळ जाणकारांकडे द्या. घुबड-घारीच्या पिल्लांना नुसते मांसाचे तुकडे घालून वाढवलं की हाडं वाकतात. त्यांना हाडासकट अख्खं भक्ष्य लागतं. बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याची, फिस्कारणारी पांढरी पिल्लं टाकीवर किंवा गच्चीत दिसली तर ती गव्हाणी घुबडाची. अपशकुन नाही, आणि दिवाळीच्या सुमारास तर त्यांचा पत्ता कोणालाही सांगू नका, अघोरी विधींसाठी घुबडं पकडली जातात.

पिल्लाशी बोलू नका, खांद्यावर बसवू नका, नाव ठेवू नका. माणसाला आपलं समजून वाढलेलं पिल्लू नंतर मोकळ्या हवेतही माणसाकडेच येतं, आणि प्रत्येक माणूस तुमच्यासारखा नसतो.

कोणाला कळवायचं, कसं न्यायचं

महाराष्ट्रात वनविभागाची मदतवाहिनी १९२६. पुण्यात बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यजीवांसाठी उपचार केंद्रं आहेत; मुंबईत परळचं बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय जुनं आणि माहितीतलं. लहान गावात तालुक्याचं वनपरिक्षेत्र कार्यालय आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. फोन पक्षी खोक्यात गेल्यावर लगेच करा, ‘रात्र निघाली तर बघू’ असं नको.

रानपक्षी घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, यात आपला साधा हिरवा पोपटही आला. याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी ताब्यात आला की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवावं लागतं. मदत करणाऱ्याला याची भीती वाटायचं कारण नाही. कळवलं की आपली बाजू स्वच्छ राहते.

खोक्यावर चिठ्ठी चिकटवा: नेमकं कुठे सापडला, किती वाजता, काय झालं असावं, काही खायला-प्यायला घातलं का. घातलं असेल तर लाजून लपवू नका, त्यावरून उपचार बदलतात. गाडीत खोका सीटखाली किंवा मांडीवर सपाट, गाणी बंद, एसीचा झोत दुसरीकडे. दुचाकीवर मागच्याने पोटाशी धरावा, हँडलला लटकवू नये.

हात साबणाने धुणं तर आलंच. कबुतरं आणि पोपटांच्या विष्ठेतून माणसाला फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, म्हणून वाळलेली विष्ठा झाडायची नाही, ओल्या कागदाने टिपायची, तोंडाला मास्क लावून. घरात लव्हबर्ड किंवा अंगणात कोंबड्या असतील तर त्यांचं आणि या पक्ष्याचं भांडं, कापड, खोली वेगळी. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले दिसले तर हात लावू नका. २०२५च्या जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मेले ते बर्ड फ्लूने. अशा वेळी पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर कळवा.

मेलेल्या किंवा जिवंत पक्ष्याच्या पायात धातूची कडी दिसली तर ती काढू नका. त्यावरचे अक्षरं-आकडे जसेच्या तसे टिपून घ्या, फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. तो पक्षी कुठून कुठे आला हे त्या एका क्रमांकावरून कळतं.

सोडताना

किरकोळ धक्क्यातून सावरलेला पक्षी जिथे सापडला तिथेच सोडायचा. त्याचं घरटं, जोडीदार, पाण्याची जागा तिथेच असते. ‘छान जंगल आहे’ म्हणून वीस किलोमीटर लांब नेऊन सोडणं म्हणजे त्याला अनोळखी गावात टाकणं. दिवसाचे पक्षी सकाळी, ऊन चढायच्या आत. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर थांबा. घुबडं आणि पिंगळे दिवेलागणीला, कावळे झाडांवर परतल्यानंतर. खोका कमरेएवढ्या उंचीवर, कठड्यावर किंवा फांदीच्या बेचक्यात ठेवा, झाकण उघडा, आणि उघडलेल्या बाजूच्या मागे उभे राहा. लगेच उडाला नाही तरी हात घालून बाहेर काढू नका. पिंगळा आधी डोकं तेवढं बाहेर काढेल, एकदा खाली, एकदा वर मान हलवत अंतर जोखेल, आणि मग आवाजही न करता समोरच्या झाडात जाईल.